गालफुगीच्या साथीतला एक दिवस

सकाळी ९.३० सिडकोतला दवाखाना उघडतानाच दारात गाल धरलेली मुलं. त्यांना बाहेरच्या बाकावर वेगळं बसवते. थुंकी आणि खोकल्यातून गालफुगी पसरते.

१०.०० पिंपळगावहून आलेली आजी सांगते, "द्राक्षाचा मणी तोंडात टाकला अन् पोरगं कळवळलंच!" आंबटाने लाळ सुटते आणि सुजलेली ग्रंथी ठणकते. नातवाच्या कानाची पाळी वर उचललेली, जबड्याचा कोपरा बोटांना लागत नाही. टॉर्च मारून पाहते: वरच्या दाढेसमोर, गालाच्या आत लाळनळीचं तोंड लाल झालंय, पण पू नाही. अँटिबायोटिकची गरज नाही. पॅरासिटामॉल, पाणी आणि मऊ खिचडी.

११.३० "मॅडम, कार्डावर सगळे डोस झालेत, मग हे कसं?" गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस खरंच वेळेवर झालेत. पण सरकारी लसीकरणात गालफुगीची लस नाही. ती एमएमआरमध्ये असते. पुण्यात तयार होते, तरी खासगीत विकत घ्यावी लागते.

दुपारी २.३० डबा खाऊन थोडं वाचन. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात, कित्येकींच्या टोकाला सियालिक आम्ल. गालफुगीचा विषाणू त्यातला ठरावीक जोडणीचा, तीन साखरांचा तुकडा पकडून आत शिरतो, हे जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. पकडणारं विषाणूचं एचएन प्रथिनच पुढे सियालिक आम्ल कापतं, म्हणून नवे विषाणू त्याच पेशीला चिकटून राहत नाहीत. अशा साखरा लाळग्रंथींपुरत्याच नाहीत, त्यामुळे गालच आधी का सुजतो याचं पूर्ण उत्तर यात नाही. आणि विषाणू लाळग्रंथींतच थांबेल अशी खात्रीही धरता येत नाही. म्हणून प्रत्येकाला विचारते: डोकं दुखतंय? उलट्या? मुलगा वयात आलेला असेल तर, अंडाला दुखतंय?

सायंकाळी ६.०० तोच प्रश्न फोनवर विचारला, तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाने कबूल केलं. गाल उतरलाय, पण एका बाजूचं अंड सुजलंय. लाजेने घरात बोलला नव्हता. लगेच बोलावून घेतलं. वडिलांची भीती वेगळीच. वंध्यत्व क्वचितच येतं, हे दोघांना समोर बसवून सांगितलं.

रात्री ९.०० शाळेच्या बाईंना मेसेज: सूज आल्यापासून पाच दिवस मूल घरी ठेवा. एमएमआर राहिलेल्यांना घेऊन या. आधीच लागण झाली असेल तर लस ती थांबवणार नाही. पुढच्या साथीला मात्र उपयोगी पडेल.