शंभर मिलीग्रॅमची राखण

कडेगावच्या बाजूला कुणाला कावीळ झाली की आधी उसाचा रस सुरू होतो. ऊस घरचाच, त्याला तोटा नाही. मग तेल-तिखट बंद, कुणीतरी खात्रीचा म्हणून सांगितलेला झाडपाला, आणि वाट बघणं. आठवडा जातो. डोळे आणखी पिवळे होतात, लघवी गडद होते, संडास मात्र पांढुरकी, चिकणमातीसारखी. अंगाला अशी खाज सुटते की रात्रभर डोळा लागत नाही. तेव्हा कुठं सोनोग्राफी होते आणि कळतं, की ही कावीळ वेगळी. पित्ताच्या पिशवीतला खडा घरंगळून पित्तनळीत अडकलाय. रस कितीही पाजला तरी तो काही विरघळत नाही.

मग गाडी कराडकडे नाहीतर सांगली-मिरजेकडे निघते. मिरजेला दवाखान्यासाठी जायची या भागाची सवय जुनी. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं १८९४ साली. मोठ्या दवाखान्यात सांगतात, ‘दुर्बिणीनं खडा काढू. पोट फाडायचं नाही, टाका नाही.’ कागदावर लिहितात ईआरसीपी. घरच्यांना हायसं वाटतं, आणि ते रास्तच आहे. फक्त या दुर्बिणीमागं एक खोडी लागलेली आहे, ती आधी समजून घ्यावी.

शेताला दारं धरलेल्या माणसाला हे चटकन कळेल. दोन पाट आहेत. एक लिव्हरकडून पित्त आणतो, दुसरा स्वादुपिंडाकडून पाचक रस. लहान आतड्याच्या तोंडाशी दोन्ही जवळपास एकाच बारीक दारातून सुटतात. हे दार म्हणजे आतड्याच्या भिंतीवरचा स्तनाग्राएवढा उंचवटा, आणि त्याची उघडझाप करायला स्नायूचं कडं. रुग्जेरो ओडी या इटालियनानं १८८७ साली त्या कड्याचा अभ्यास मांडला, तेव्हा तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. कडं आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं.

डॉक्टरला जायचं असतं पहिल्या पाटात. पेशंट गुंगीत, बहुतेक वेळा पालथा. तोंडातून उतरलेली दुर्बीण जठर ओलांडून आतड्यात आलेली. तिचा कॅमेरा टोकाला नसतो, कुशीला असतो, म्हणून तो उंचवटा समोर दिसतो. दुर्बिणीतून एक बारीक नळी पुढं येते, नळीतून तार. टोकाशी एक चिमुकली पट्टी वर-खाली होते आणि ती तारेची दिशा ठरवते. पाय एक्स-रेच्या पेडलवर, डोळे दोन पडद्यांवर. तार वर सरकली तर पित्तनळी, जरा आडवी गेली तर स्वादुपिंड. फरक काही अंशांचा. आडव्या वाटेला तार दोन-तीनदा गेली, रंगद्रव्य तिकडं शिरलं, किंवा नुसतं टोचून टोचून दार सुजलं, की दुसऱ्या पाटाचं पाणी तुंबतं. पण हे पाणी साधं नव्हे, मांस पचवणारा रस आहे तो. बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो जागच्या जागी चेततो आणि स्वतःच्याच ग्रंथीला खायला लागतो. पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, पाठीपर्यंत जाते, उलट्या होतात. बहुतेकांना चार दिवस सलाइनवर काढून बरं वाटतं. मोजक्यांना आयसीयू बघावा लागतो, आणि त्यांतले काही परत येत नाहीत.

ही खोडी तंत्राइतकीच जुनी. अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी १९६८ साली दुर्बिणीतून या दारात पहिल्यांदा नळी घातली. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये दार कापून खडा काढण्याची सोय झाली. आपल्याकडं हे काम मोठं केलं त्यांत हैदराबादचे डॉ. नागेश्वर रेड्डी आणि मुंबईचे डॉ. अमित मायदेव ही नावं ठळक. दुर्बिणी सुधारल्या, हात तयार झाले, तरी शंभरातल्या तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाची सूज येतच राहिली. ती टळावी म्हणून स्टेरॉइड झालं, ॲलोप्युरिनॉल झालं, महागडी हार्मोनं झाली. बहुतेक सगळी फुकट गेली.

कामाला आली ती गुदद्वारातून ठेवायची एक गोळी. बाळंतपणानंतर दुखू नये म्हणून सिस्टर देतात, तीच डायक्लोफेनॅकची, नाहीतर तिची बहीण इंडोमेथॅसिनची. मात्रा १०० मिलीग्रॅम. किंमत चहा-वड्याच्या आसपास. २०१२ साली अमेरिकेतल्या जोसेफ एल्मन्झर आणि सहकाऱ्यांनी धोका जास्त असलेल्या ६०२ पेशंटांवर इंडोमेथॅसिनची परीक्षा घेतली. नुसती मेणाची गोळी मिळालेल्यांत १६.९ टक्क्यांना सूज आली, खऱ्या गोळीवाल्यांत ९.२ टक्क्यांना. जवळजवळ निम्मी. लाखोंच्या दुर्बिणीची राखण अखेर या मेणाच्या तुकड्याकडं आली, याची मला मोठी गंमत वाटते.

आपल्याकडं अडचण वेगळीच येते. ‘तिथून कशाला? तोंडानं द्या की,’ असं आजोबा लाजून म्हणतात. कारण असं, की सुजेची साखळी सुरुवातीलाच तोडायची असते. तिथून औषध लवकर रक्तात चढतं, आणि पेशंट तर उपाशी असतो. तोंडानं देऊनही पाहिलंय, तसा गुण आला नाही. आता युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे की, अडचण नसेल तर प्रत्येकाला दुर्बिणीच्या लगेच आधी ही गोळी द्यावी. अडचण म्हणजे किडनी खराब असणं, अल्सर वाहता असणं, या औषधांची ॲलर्जी किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने. हे पेशंटनं लपवू नये.

गोळीनं सगळं भागतं असंही नाही. तार सारखी स्वादुपिंडातच जात असेल, तर कसबी डॉक्टर तिथं एक बारीक प्लॅस्टिकची नळी ठेवून देतात. दार सुजलं तरी रस वाहता राहतो, आणि नळी बहुधा आपोआप पडून जाते. पडली का, हे एक्स-रेत बघायचं असतं. धोका जास्त असलेल्यांत गोळी असताना नळी हवी कशाला, असा वाद होता. २०२४ मध्ये १,९५० पेशंटांच्या अभ्यासानं तो बराचसा मिटवला: नुसत्या गोळीवर १४.९ टक्के, गोळी आणि नळी दोन्हींवर ११.३ टक्के. सलाइन जोरात सोडण्याचं मात्र, गोळी दिलेली असताना, नेदरलँड्सच्या अभ्यासात काही जास्तीचं फळ दिसलं नाही.

सगळ्यात भारी बचाव म्हणजे गरज नसताना दुर्बीण न घालणं. पीटर कॉटन या इंग्रज तज्ज्ञानं फार पूर्वी बजावलंय, की ज्याला ईआरसीपीची गरज सर्वांत कमी, त्यालाच तिचा धोका सर्वांत जास्त. तरुण बाई, बिलिरुबिन नॉर्मल, पित्तनळी बारीक, खडा नक्की दिसलेला नाही आणि पोट दुखतंय म्हणून ‘बघू या आत’: इथं घात होतो. नुसतं बघायचंच असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय आहे, दुर्बिणीतून करायची एंडोसोनोग्राफी आहे. त्यांत या दारात तार घालावी लागत नाही. कावीळ चढलेल्या, थंडी-ताप भरलेल्या म्हातारीची गोष्ट वेगळी. तिच्या पित्तनळीतला पू बाहेर काढायलाच हवा, तिथं वेळ घालवणं हाच धोका.

तेव्हा कडेगावकर मंडळींनो, सही करण्याआधी दोन गोष्टी बिनदिक्कत विचारा. ही दुर्बीण खडा काढायला आहे की नुसती बघायला? आणि गोळी ठेवणार ना? झाल्यावर पेशंट हसून बोलतोय म्हणून संध्याकाळची विट्याची एसटी पकडू नका. सूज यायची ती बहुधा पहिल्या चोवीस तासांत येते. ती रात्र दवाखान्याजवळ काढा, आणि कळ पाठीकडं निघाली तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजू नका, सिस्टरना उठवा.