कोंबडीला ‘आता बस्स’ कोण सांगतं?

राजगुरुनगरच्या आसपास पोल्ट्रीच्या शेडमध्ये कधी डोकावलात, तर एक गोष्ट दिसेल: मांसासाठी वाढवलेला ब्रॉयलर सतत खाद्यापाशी, नाहीतर त्याच्याशेजारी बसलेला! आपण त्याला अधाशी म्हणून मोकळे होतो. पण भुकेचा लगाम असतो मेंदूत, आणि तो खेचणाऱ्यांपैकी एक म्हणजे सेरोटोनिन हे रसायन.

प्रयोगात कोंबड्यांच्या मेंदूत थेट सेरोटोनिन सोडलं, तेव्हा अंड्यांच्या लेगहॉर्न जातीनं खाणं कमी केलं, मग ती पोटभर खाल्लेली असो की उपाशी. ब्रॉयलरनं मात्र पोट भरलेलं असतानाच कमी केलं. उपाशी ब्रॉयलरवर काहीच परिणाम नाही! पिढ्यान्‌पिढ्या झटपट वजन वाढणारेच पक्षी निवडले, त्यात बहुधा हा लगामही सैल झाला असावा.

सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, ट्रिप्टोफॅन शिरतं. ते मक्यात कमी, सोयापेंडीत जास्त. खाद्यात ते वाढवल्यावर पिल्लांचं एकमेकांची पिसं टोचणंही कमी झालेलं दिसलंय.

पण घरच्या चार कोंबड्यांसाठी ट्रिप्टोफॅनची पावडर आणायला धावू नका, आधी पशुवैद्यांना विचारा.