महाविद्यालयीन वयातील ल्युपस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ज्याला नुसते ‘ल्युपस’ किंवा ‘एसएलई’ म्हणतात तो आजार, बहुतेकांना 15 ते 45 या वयात गाठतो आणि दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. त्यामुळे बारावीनंतर घर सोडून पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या वसतिगृहात राहायला गेलेली मुलगी ही या आजाराची अगदी नेहमीची रुग्ण आहे. तोपर्यंत गोळ्यांच्या वेळा, रक्त-लघवीच्या तपासणीच्या तारखा आणि संधिवाततज्ज्ञांची भेट हे सारे आईवडिलांनी सांभाळलेले असते. आता ते सर्व एकाएकी तिच्याकडे येते आणि त्याबरोबर मैत्रिणींचे सल्ले, नातेवाइकांचे उपाय आणि मोबाइलवर फिरणारी माहितीही येते. या वयातील बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी एकच चूक आढळते, ती म्हणजे डोळ्यांना दिसते आणि अंगाला जाणवते तेवढाच आजार, असे धरून चालणे.

नावापासूनच घोटाळा सुरू होतो. ‘ल्युपस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील जखमा लांडग्याने लचका तोडल्यासारख्या दिसतात म्हणून मध्ययुगीन युरोपात हे नाव रूढ झाले आणि ते एकाहून अधिक आजारांना चिकटले. ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ हा त्वचेचा क्षयरोग आहे आणि त्याचा एसएलईशी नामसाधर्म्यापलीकडे काही संबंध नाही. एसएलई हा संसर्गजन्य नाही. एका खोलीत राहिल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एकच टॉवेल वापरल्याने तो पसरत नाही. क्षयाशी त्याची गल्लत मात्र दुसऱ्या वाटेने होते, कारण लांबलेला ताप, वजनातील घट आणि फुप्फुसाच्या आवरणात साठलेले पाणी ही लक्षणे दोन्ही आजारांत दिसतात आणि भारतात अशा वेळी आधी क्षयाचाच विचार केला जातो, जो योग्यच आहे. परंतु क्षयाचे औषध चालू असूनही ताप हटत नसेल, सांधे दुखत असतील, केस गळत असतील आणि तोंडात टाळूला न दुखणारे व्रण पडत असतील, तर निदानाचा पुन्हा विचार व्हायला हवा.

‘प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे ल्युपस होतो’ हा समज सर्वांत पसरलेला आहे आणि त्याचे परिणामही वाईट आहेत. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. बाहेरून आलेल्या जंतूंना ओळखून नष्ट करण्यासाठी शरीर जी प्रथिने तयार करते त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ल्युपसमध्ये ही प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातील घटकांविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धही तयार होतात, त्यांचे पुंजके त्वचेत, सांध्यांत आणि मूत्रपिंडात अडकतात आणि तेथे दाह सुरू होतो. म्हणजे येथे प्रतिकारयंत्रणा दुबळी नसून दिशा चुकलेली आणि नको तितकी जागी असते, म्हणूनच उपचाराचा उद्देश तिला शांत करणे हा असतो. अशा रुग्णाला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे आणि गोळ्या देणे हे उपचाराच्या नेमके विरुद्ध दिशेने जाणे आहे. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा घेतला जात होता तेव्हा मुंबईतील यकृततज्ज्ञांना काही रुग्णांच्या यकृतावर प्रतिकारयंत्रणेनेच हल्ला केल्यासारखी लक्षणे दिसली आणि 2021 मध्ये त्यांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली, तरी ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच बिथरलेली आहे अशा रुग्णाने हा धोका पत्करू नये, हेच शहाणपणाचे. अल्फाल्फाचे मोड आणि एकिनेशिया ही वनस्पतीही याच कारणाने टाळण्यास सांगितली जाते.

चाचणीबाबतचा गैरसमज अलीकडे वाढला आहे, कारण प्रयोगशाळेचा अहवाल आता थेट विद्यार्थिनीच्या मोबाइलवर येतो. ‘एएनए’ ही केंद्रकातील घटकांविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत होकारार्थी येते, म्हणून ती नकारार्थी आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी होते. परंतु 1:80 इतक्या विरलतेवर ती सुमारे 13 टक्के निरोगी माणसांतही होकारार्थी आढळल्याचे अभ्यास सांगतात. म्हणून 2019 मध्ये युरोपीय आणि अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ठरवलेल्या वर्गीकरणात एएनए ही केवळ प्रवेशाची अट आहे आणि त्यानंतर सांधे, त्वचा, रक्तपेशी, मूत्रपिंड, विशिष्ट प्रतिपिंडे यांना दिलेल्या गुणांची बेरीज किमान 10 व्हावी लागते. नुसत्या एका कागदावरून स्वतःला ल्युपसची रुग्ण समजून महिनाभर झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

आता सर्वांत घातक समजाकडे वळावे लागते : ‘बरे वाटते आहे, म्हणजे औषध बंद करायला हरकत नाही.’ ल्युपसच्या बहुतेक रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापावरचे औषध दीर्घकाळ दिले जाते. ते हळूहळू काम करते, परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि शरीरातून ते तितक्याच सावकाश बाहेर पडते. गोळी थांबवल्यानंतर त्याचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण सहा आठवडे जातात. म्हणून परीक्षेच्या गडबडीत गोळ्या संपल्या आणि पुन्हा आणल्या नाहीत, तरी पहिले काही आठवडे काहीही बिघडत नाही आणि ‘औषधाची गरजच नव्हती’ असा समज पक्का होतो. कॅनडातील संशोधकांनी आजार शांत असलेल्या 47 रुग्णांवर केलेला आणि 1991 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत डोळे उघडणारा आहे : ज्यांचे औषध काढून त्याजागी निष्क्रिय गोळी दिली गेली, त्यांच्यात आजार उफाळण्याचा धोका सहा महिन्यांत अडीच पट ठरला. औषध चालू असताना वाटणारे बरेपण हे पुष्कळदा त्या औषधाचेच फळ असते.

या गोळीने ‘डोळे जातात’ ही भीतीही ती गोळी थांबवण्याचे एक कारण ठरते. दृष्टिपटलावर तिचा परिणाम होऊ शकतो हे खरे आहे, परंतु तो मात्रा आणि काळ यांवर अवलंबून असतो. रोजची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत असेल, तर पहिल्या पाच वर्षांत हा धोका एक टक्क्याहून आणि दहा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी असल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आढळले. वीस वर्षांनंतर मात्र तो बराच वाढतो. म्हणूनच सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी दृष्टिपटलाची तपासणी करायची असते, आणि मूत्रपिंड आधीच दुखावलेले असेल तर ती त्याआधीपासून करायची असते. मेसचे जेवण न मानवल्याने वजन सहा-सात किलोंनी उतरले, तर मात्रेचा हिशेबही बदलतो, ही साधी बाब डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

दाह शमवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची कथा वेगळी आहे. चेहरा सुजल्यासारखा गोल होणे, पुरळ येणे, सतत भूक लागणे, वजन वाढणे हे परिणाम खरे आहेत आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलीला ते किती बोचत असतील हे तिच्या भोवतीच्या माणसांनी हसण्यावारी नेऊ नये. मात्र काही आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतल्यावर मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी शरीराला लागणारे स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करतात आणि अशा वेळी गोळी एकदम सोडली, तर रक्तदाब कोसळून जीवाला धोका उद्भवू शकतो. मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. आज तज्ज्ञांचाही कल ती लवकर उतरवून दिवसाला 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आणण्याकडे आणि शक्य असेल तेव्हा पूर्ण बंद करण्याकडे आहे, म्हणजे रुग्णाची इच्छा आणि डॉक्टरांचे धोरण यांत विरोध नाही, घाई तेवढी टाळायची आहे.

‘काही दुखत नाही, मग तपासणी कशाला’ या प्रश्नाचे उत्तर मूत्रपिंड देते. ल्युपसच्या सुमारे 40 टक्के रुग्णांत कधी ना कधी मूत्रपिंडाचा दाह होतो आणि तो सुरुवातीला दुखत नाही. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती किंवा संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसणे आणि या वयात अनपेक्षित असा वाढलेला रक्तदाब ही चिन्हे उशिरा येतात. त्याच्या कितीतरी आधी लघवीतील प्रथिने वाढलेली असतात. लघवीची ही तपासणी स्वस्त आहे, कोणत्याही तालुक्याच्या गावी होते आणि तिच्याइतकी उपयोगी चाचणी या आजारात दुसरी क्वचितच असेल. मूत्रपिंडावर परिणाम झालेल्या रुग्णाने अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून खाऊ नयेत, कारण त्यांतील बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

आजार दिसत नसल्यामुळे दुसरा अन्याय वर्गात होतो. ‘दिसायला तर ठणठणीत आहे, आळस करते’ हा शेरा ल्युपसच्या रुग्णांना जितका ऐकावा लागतो तितका औषधांचा त्रासही त्यांना होत नसेल. या आजारातील थकवा झोपेने भरून निघत नाही. सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात, म्हणून सातचे व्याख्यान चुकते आणि तीच मुलगी दुपारी प्रयोगशाळेत व्यवस्थित काम करताना दिसते. त्यात खोटेपणा काही नाही. हा थकवा केवळ आडवे पडून जात नाही, उलट आजार शांत असताना चालण्यासारखा झेपेल तेवढा नियमित व्यायाम त्यावर उपयोगी पडतो. सबमिशनच्या आधीची सलग जागरणे मात्र टाळावीत. थकवा वाढला की रक्तक्षय, थायरॉइड आणि मनाची उदासी यांचीही तपासणी व्हावी, कारण ती कारणे वेगळी असतात आणि त्यांना उपचार आहेत.

उन्हाबाबत लोकांना थोडे ठाऊक असते आणि थोडे चुकीचे ठाऊक असते. अतिनील किरणांमुळे त्वचेवरील पुरळच नव्हे, तर आतला आजारही उफाळू शकतो. हे किरण ढगाळ दिवशीही पोहोचतात आणि त्यांतील ‘ए’ प्रकारचे किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात, त्यामुळे बसमधील उन्हाच्या बाजूची जागा टाळणे हा नाजूकपणा नसून पथ्य आहे. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली चेहऱ्याभोवती जो स्कार्फ बांधतात आणि हातांवर सनकोट चढवतात, तो पेहराव ल्युपसच्या रुग्णासाठी उत्तमच आहे. त्याला किमान 30 एसपीएफचे, उघड्यावर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावलेले सनस्क्रीन जोडावे. ऊन टाळल्याने ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडते, ते तपासून गोळीने भरून काढता येते.

‘ल्युपस झाला म्हणजे शिक्षण संपले’ किंवा ‘एक वर्ष वाया गेले की सगळे गेले’ हे समजही तपासून घ्यायला हवेत. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांच्या यादीत ल्युपसचे नाव नाही, त्यामुळे सवलत मिळणार नाही असे गृहीत धरून अनेक विद्यार्थी अर्जच करत नाहीत. परंतु विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी असा निर्णय दिला की, लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येत नाही, आणि त्यानंतर 2022 मध्ये केंद्र सरकारने 40 टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहिण्यास अडचण असलेल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बोटांचे सांधे सुजल्यामुळे तीन तास लिहिणे अशक्य असलेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे दाद मागताना हा आधार घ्यावा आणि अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी न करता सत्राच्या सुरुवातीलाच वैद्यकीय प्रमाणपत्रासह करावा. 75 टक्के हजेरीच्या नियमातही वैद्यकीय कारणासाठी सूट देण्याची तरतूद पुष्कळ विद्यापीठांत असते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी सुरू झालेल्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात, म्हणजे उपचारासाठी एक सत्र थांबलेल्या मुलीचे आधीचे शिक्षण पुसले जात नाही.

शेवटचा समज घरात कुजबुजत बोलला जातो : ‘हिला मूल होणार नाही.’ आजार किमान सहा महिने शांत असेल आणि गर्भधारणा तज्ज्ञांशी बोलून ठरवलेली असेल, तर ल्युपस असलेल्या बहुतेक स्त्रिया सुखरूप माता होतात आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन त्या काळातही चालू ठेवले जाते. काही औषधे मात्र, उदाहरणार्थ मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट, गर्भाला इजा करतात, म्हणून ती लिहून देताना गर्भनिरोधनाविषयी बोलणे आवश्यक असते आणि ‘अजून लग्न कुठे झाले आहे’ या संकोचापोटी ते टाळले जाते. पाळी नियमित व्हावी म्हणून किंवा मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा इस्ट्रोजेन असते; रक्तात गुठळ्या होण्यास कारणीभूत ठरणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असलेल्या मुलीला अशा गोळ्या घातक ठरू शकतात, तेव्हा त्वचेच्या किंवा स्त्रीरोगाच्या डॉक्टरांनाही ल्युपसविषयी न लाजता सांगितले पाहिजे.

1950 च्या दशकात निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. आज चांगले उपचार मिळणाऱ्या ठिकाणी दहा वर्षांनंतरही नव्वद टक्के रुग्ण हयात असतात. हा फरक लवकर झालेल्या निदानाने, नियमित तपासणीने आणि न चुकवलेल्या औषधाने घडवला आहे. म्हणून पालकांना एवढीच विनंती आहे की, लग्नाच्या बाजारात अडचण नको या भीतीने मुलीचा आजार लपवू नये आणि तिला तो लपवायला लावू नये, कारण खोलीतल्या मैत्रिणींपासून आणि पुढे सासरच्या माणसांपासून लपवून घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या हमखास चुकतात.