आवडीचा व्यवसाय आणि पगाराची नोकरी

मुठा नदीच्या डाव्या तीरावरील वारजे हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तत्पूर्वी ज्या घरांत खरीप-रब्बीच्या बेताची चर्चा चाले, त्या घरांत आज मुलांच्या नोकरीची चर्चा चालते. मुंबई-बंगळूर महामार्गाचा वळणरस्ता गावातूनच जात असल्याने हिंजवडीच्या कचेऱ्या जवळ आल्या, आणि मुळशी-पुरंदरकडे उरलेली वडिलोपार्जित शेती मनाने दूर गेली. अशा एखाद्या घरातील कृषी पदवीधर मुलगा वा मुलगी जेव्हा ‘मला शेतीच करावयाची आहे’ असे म्हणते, तेव्हा वडीलधारी मंडळी पगाराचा आकडा पुढे करतात आणि तरुण मंडळी आवडीची भाषा बोलतात. दोन्ही पक्ष तळमळीने बोलतात, परंतु हिशेबाची वही कोणीच उघडीत नाही.

वास्तविक ह्या बाबतीत वारजेकरांना उदाहरणासाठी दूर जावयास नको. शेजारचे हिंगणे बुद्रुक आज ज्यांच्या नावाने कर्वेनगर म्हणून ओळखले जाते, ते धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला व १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. परंतु महाविद्यालयातील अध्यापन त्यांनी १९१४ पर्यंत सोडले नाही. दिवसा गणित शिकवावे आणि पायी चालत हिंगण्यास जाऊन आश्रमाचे काम पाहावे, असा त्यांचा क्रम होता. आजीव सदस्यांचे वेतन काही मोठे नव्हते. तथापि ते नियमित होते, आणि त्या नियमितपणावरच घरचा खर्च चालवून अण्णासाहेबांना आपले जीवितकार्य उभे करता आले. ‘आवडीसाठी नोकरीवर लाथ मारली’ अशा कथा ऐकावयास गोड लागतात खऱ्या, पण कर्व्यांची कथा तशी नाही.

दुसरे उदाहरण खुद्द शेतीतले आहे. शरद जोशी हे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कार्यालयात मोठ्या पगारावर होते. ती नोकरी सोडून ते स्वदेशी परतले आणि १९७७ च्या सुमारास चाकणजवळील आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. जमा-खर्च लिहिण्याची सवय असल्यामुळे त्यांना लवकरच उमगले की, कष्ट करूनही उत्पादनखर्च भरून निघत नाही. १९७९ साली स्थापन झालेल्या शेतकरी संघटनेच्या रास्त भावाच्या मागणीमागे हा स्वानुभव होता. त्यांच्या मतांविषयी मतभेद असू शकतील, परंतु आवडीने पत्करलेल्या व्यवसायाचाही काटेकोर हिशेब मांडावा, ही गोष्ट कोणासही घेण्याजोगी आहे.

हा हिशेब मांडताना सर्वसाधारण शेतकरी एक मोठी रक्कम विसरतो. ती म्हणजे त्याची स्वतःची मजुरी. कृषी मूल्य व किंमत आयोग उत्पादनखर्च काढताना रोख खर्चात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवितो, आणि ‘सी-२’ ह्या व्यापक खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरतो. घरच्या वहीतही असेच केले पाहिजे.

समजा, एका तरुणास दरमहा २५,००० रुपयांची, म्हणजे सालीना ३,००,००० रुपयांची नोकरी मिळत आहे. तो चार एकर बागायत केल्यास ८,००,००० रुपयांचा माल विकेल व रोख खर्च ४,५०,००० रुपये होईल, असे धरू. शिल्लक ३,५०,००० रुपये दिसते आणि शेती नोकरीहून सरस वाटते. आता त्यातून जमिनीचा खंड ८०,०००, घातलेल्या भांडवलाचे व्याज ४५,००० आणि पंप व ठिबक संचाची झीज ४०,००० रुपये वजा करावी. उरलेल्या १,८५,००० रुपयांतून आई-वडील वा पत्नी यांच्या श्रमाचे ६०,००० काढले, की त्याच्या स्वतःच्या वाट्यास १,२५,००० रुपये येतात. नोकरीशी पडलेले १,७५,००० रुपयांचे अंतर हीच त्याच्या आवडीची वार्षिक किंमत होय. ही किंमत परवडेल की नाही, हे घराघरावर अवलंबून आहे. बहिणीचे शिक्षण राहिले असेल तर ती जड वाटेल. वडिलांस निवृत्तिवेतन असेल तर सोसेलही.

नोकरीच्या बाजूचाही हिशेब अर्थात इतक्याच कठोरपणे व्हावा. शहरातील घरभाडे, रोजचा प्रवास, विकत घ्यावे लागणारे धान्य व दूध ही सर्व रक्कम पगारातून वजा केल्यावर आकडा पुष्कळ खाली येतो. शिवाय बाजारभाव कोसळण्याचे भय शेतीस आहे, तसे मध्येच नोकरी जाण्याचे भय खाजगी कंपनीतही आहे. विवाहाच्या बाजारात मात्र पगारदारासच मान, आणि ह्या एका कारणासाठी कित्येक मुले न आवडणारी नोकरी धरून बसतात. मुलीकडची मंडळी शेतीची वही पाहावयास मागत नाहीत, हेही खरे.

ज्यांचा निर्णय होत नसेल, त्यांनी कर्व्यांचा मार्ग चोखाळून पाहावा. नोकरी चालू ठेवून प्रथम अर्ध्या एकरावर एखादे भाजीपाल्याचे पीक किंवा लहानशी रोपवाटिका करावी. दोन खरीप व दोन रब्बी हंगामांची वही लिहावी आणि तीत रविवारच्या कामाचीही मजुरी धरावी. भाव चांगला मिळाला त्या हंगामावर विसंबू नये, पडत्या भावाच्या हंगामात काय उरले ते पाहावे. जमीन सामाईक असल्यास सातबाऱ्यावरील सर्व नावांची संमती आरंभीच घ्यावी, कारण शहराच्या हद्दीलगत जमिनीचे भाव चढत असल्याने आज शेती करू देणारा चुलता उद्या विक्रीचा आग्रह धरू शकतो.