क्र. १२२ (बॉम्बे) स्क्वाड्रन, रॉयल एर फोर्स

क्र. १२२ (बॉम्बे) स्क्वाड्रन ही ब्रिटनच्या रॉयल एर फोर्स या हवाई दलाची लढाऊ विमानांची तुकडी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ मे १९४१ रोजी, स्कॉटलंडमधील टर्नहाउस येथे तिची उभारणी झाली आणि १ एप्रिल १९४६ रोजी तिला क्र. ४१ स्क्वाड्रन हा नवा क्रमांक देण्यात आला. या पाच वर्षांत तिने प्रथम स्पिटफायर व नंतर मस्टँग ही विमाने वापरली. उत्तर फ्रान्सवरील मोहिमा, दिएपचा छापा आणि नॉर्मंडीची लढाई यांत तिचा सहभाग होता. तिच्या विमानांवर ‘एमटी’ ही सांकेतिक अक्षरे रंगवलेली असत. ‘विक्टुरी व्होलामुस’, म्हणजे ‘जिंकण्यासाठी आम्ही उडतो’, हे तिचे लॅटिन ब्रीदवाक्य होते.

मुंबईच्या नावाच्या दोन लढाऊ स्क्वाड्रन या युद्धात होत्या आणि त्यांची गल्लत वारंवार होते. क्र. १२२ ही ‘बॉम्बे’, तर क्र. १३२ ही ‘सिटी ऑफ बॉम्बे’. दुसरीविषयीची माहिती लेखाच्या अखेरीस दिली आहे.

नाव आणि देणगी

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनचे विमान-उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रूक यांनी लढाऊ विमानांसाठी देणग्या गोळा करण्याची मोहीम सुरू केली. एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड अशी ठरवून देण्यात आली होती. प्रत्यक्ष उत्पादनखर्च याहून बराच अधिक होता. पण शाळा, कारखाने, शहरे व वसाहती यांना पेलवेल असा, लक्षात राहणारा आकडा हवा होता. रुपयाचा दर त्या वेळी १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला असल्याने भारतातील देणगीदारासाठी एका विमानाची ही किंमत सुमारे ६६,६६७ रुपये होत असे. एकट्या विमानासाठी पैसे देणाऱ्याचे नाव त्या विमानावर रंगवले जाई. देणगी मोठी असेल, तर संपूर्ण स्क्वाड्रनलाच देणगीदार प्रदेशाचे नाव मिळे. अशा स्क्वाड्रनना ‘गिफ्ट स्क्वाड्रन’ म्हणत.

भारताच्या वाट्याला अशी अनेक नावे आली. हैदराबाद, मद्रास प्रांत, म्हैसूर आणि ‘ईस्ट इंडिया’ ही नावे वेगवेगळ्या स्क्वाड्रनना मिळाली. गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या देणगीवरून क्र. १२४ स्क्वाड्रन ‘बरोडा’ झाली आणि तिच्या बोधचिन्हावर मुंगूस आले. संस्थानांच्या बाबतीत देणगी देण्याचा निर्णय संस्थानिकाचा असे. मुंबई प्रांताची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची होती.

आजच्या महाराष्ट्राचा पश्चिमेकडील भाग, गुजरात व कर्नाटकचे काही जिल्हे मिळून तेव्हाचा मुंबई प्रांत बनत असे. अहमदनगर जिल्हा त्यातच होता. म्हणजे पारनेर तालुक्यातील सुप्यासारखी पुणे-नगर रस्त्यावरची गावेही ज्या प्रांताचे नाव या विमानांना मिळाले त्याच प्रांतात मोडत होती. भारतीय नेत्यांना न विचारता व्हाइसरॉयने ३ सप्टेंबर १९३९ रोजी भारताला युद्धात ओढले. त्याच्या निषेधार्थ बाळ गंगाधर खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला. त्यानंतर प्रांताचा कारभार गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हाती गेला. युद्धनिधीची मोहीम चालली ती अशा, लोकनियुक्त मंत्रिमंडळ नसलेल्या प्रांतात.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. माणसे किंवा पैसा देऊन ब्रिटिशांच्या युद्धाला मदत करणे चूक आहे, हे जाहीरपणे सांगणे एवढाच या सत्याग्रहाचा कार्यक्रम होता आणि तेवढ्यासाठी हजारो लोक तुरुंगात गेले. निधी गोळा करताना सरकारी यंत्रणेचा दबाव येत असल्याच्या तक्रारीही त्या काळी झाल्या. दुसऱ्या बाजूला, युद्धाला पाठिंबा देणारे मतही महाराष्ट्रात होते. फॅसिझमचा पराभव आधी व्हायला हवा अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका होती. ते जुलै १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सदस्य झाले. वि. दा. सावरकर यांनी हिंदू तरुणांना सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले. व्यापारी, गिरणीमालक आणि सरकारी नोकर यांच्यापैकी अनेकांनी निधीला हातभार लावला; त्यामागे निष्ठा, हिशेब व नाइलाज यांचे प्रमाण माणसागणिक वेगळे असणार. ‘मुंबईच्या जनतेची भेट’ हे त्या काळच्या प्रचाराचे शब्द म्हणूनच जपून वाचावे लागतात.

स्थापना आणि उत्तरेकडील काळ

हा क्रमांक पहिल्या महायुद्धात एकदा वापरला गेला होता. जानेवारी १९१८ मध्ये सेजफर्ड येथे क्र. १२२ स्क्वाड्रन दिवसा बॉम्बफेक करणारी तुकडी म्हणून उभारण्यात आली; परंतु प्रत्यक्ष युद्धकार्य न करताच ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विसर्जित झाली.

१९४१ मध्ये नव्याने उभारलेल्या स्क्वाड्रनला स्पिटफायरची जुनी, पहिली आवृत्ती मिळाली. एडिंबरोजवळच्या टर्नहाउसहून ती ईशान्य इंग्लंडमधील तळांवर गेली. किनाऱ्यालगत जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या ताफ्यांवर गस्त घालणे हे तिथले मुख्य काम होते. नव्या वैमानिकांना सरावासाठी हा काळ उपयोगी पडला, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

हॉर्नचर्च

एप्रिल १९४२ मध्ये स्क्वाड्रन लंडनच्या पूर्वेस असलेल्या हॉर्नचर्च या तळावर आली आणि युद्धाचे स्वरूप पालटले. ब्रिटनवरील हवाई हल्ल्यांचा भर ओसरला होता. आता ब्रिटिश विमाने इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सवर जात. यातील एका प्रकारच्या मोहिमेला ‘सर्कस’ असे नाव होते. थोडी बॉम्बफेकी विमाने आणि त्यांच्याभोवती लढाऊ विमानांचे अनेक थर, अशी तिची रचना असे. बॉम्बफेकीने होणारे नुकसान दुय्यम होते. जर्मन लढाऊ विमानांना वर येऊन लढण्यास भाग पाडणे हा खरा उद्देश. बॉम्बफेक हाच मुख्य हेतू असेल, तर त्या मोहिमेला ‘रॅमरॉड’ म्हणत.

या डावपेचात एक मोठी अडचण होती. १९४० मध्ये आपल्या भूमीवर लढण्याचा फायदा ब्रिटिशांना मिळाला होता. आता तो जर्मनांकडे गेला. फ्रान्सवर विमान पडले, की जिवंत वाचलेला वैमानिकही युद्धकैदी होई. शिवाय १९४१ च्या शरद ऋतूपासून फोकेवुल्फ १९० हे नवे जर्मन विमान आघाडीवर आले होते. स्पिटफायरच्या पाचव्या आवृत्तीपेक्षा ते बहुतेक बाबतींत सरस होते. स्पिटफायर त्याच्याहून लहान वर्तुळात वळू शके, पण वेग व चढण्याची ताकद फोकेवुल्फकडे होती. १९४२ चा वसंत आणि उन्हाळा ब्रिटिश लढाऊ स्क्वाड्रनना फार महागात पडला.

फ्रांतिशेक फायट्ल

हे क्र. १२२ च्या वाट्याला लवकरच आले. एप्रिल १९४२ च्या अखेरीस फ्रांतिशेक फायट्ल या चेक वैमानिकाकडे तिचे नेतृत्व देण्यात आले. ब्रिटिश स्क्वाड्रनचे नेतृत्व मिळालेला तो पहिला चेक वैमानिक मानला जातो. १९१२ मध्ये जन्मलेला फायट्ल नाझींनी त्याचा देश गिळल्यावर पोलंडमार्गे फ्रान्सला पोहोचला, तिथे लढला, फ्रान्स पडल्यावर ब्रिटनला आला आणि १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतही उडला.

५ मे १९४२ रोजी, नेतृत्व स्वीकारल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, उत्तर फ्रान्सवरील झुंजीत त्याच्या स्पिटफायरवर मारा झाला. त्याने विमान पोटावर उतरवले आणि जर्मन पोहोचण्यापूर्वी तिथून पळ काढला. शेतकरी व सामान्य कुटुंबांच्या मदतीने, बराचसा प्रवास पायी करीत, तो व्याप्त फ्रान्स पार करून पिरेनीज पर्वतापलीकडे स्पेनमध्ये गेला. तिथे त्याला अटक झाली. सुटकेनंतर जिब्राल्टरमार्गे तो ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटनला परतला. पुढे १९४४ मध्ये चेक वैमानिकांची तुकडी घेऊन तो सोव्हिएत आघाडीवर गेला आणि स्लोव्हाकियातील उठावात लढला. मायदेशातील साम्यवादी राजवटीला मात्र पश्चिमेकडे लढलेले वैमानिक संशयास्पद वाटत. १९५० मध्ये त्याला खटल्याशिवाय श्रमछावणीत डांबण्यात आले. त्याचा सन्मान परत मिळायला १९८९ उजाडले. २००६ मध्ये त्याचे निधन झाले.

मुंबईच्या नावाच्या स्क्वाड्रनचा प्रमुख चेक, त्याच्या मागोमाग त्याच उन्हाळ्यात आलेला लेऑन प्रेव्हो बेल्जियन. ही त्या काळच्या रॉयल एर फोर्समध्ये विशेष गोष्ट नव्हती. नाव हे देणगीचे होते, वैमानिकांच्या गावाशी त्याचा संबंध नव्हता.

ऑगस्ट १९४२

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर काँग्रेसने ‘छोडो भारत’ ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांना अटक झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी कार्यकारिणीच्या सदस्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. मुंबईत आणि प्रांतभर लाठीमार व गोळीबाराच्या घटना सुरू झाल्या.

त्यानंतर दहा दिवसांनी, १९ ऑगस्ट रोजी, ‘बॉम्बे’ स्क्वाड्रनची विमाने फ्रान्सच्या दिएप बंदरावर उडत होती. सुमारे ६,००० सैनिक, त्यांतील जवळपास ५,००० कॅनडाचे, त्या पहाटे किनाऱ्यावर उतरवण्यात आले होते. जहाजांवर व किनाऱ्यावर लढाऊ विमानांचे छत्र धरणे, विमानांत इंधन भरून पुन्हा परतणे, हे दिवसभर चालले. जमिनीवरील छापा पूर्णपणे फसला. कॅनडाचे ९०० हून अधिक सैनिक मारले गेले, त्याहून कितीतरी अधिक पकडले गेले. हवेत ब्रिटिश बाजूची शंभराहून अधिक विमाने नष्ट झाली, जर्मनांची ४८. तेव्हा हा हवाई विजय म्हणून जाहीर करण्यात आला होता. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्यावर तो दावा टिकला नाही.

स्पिटफायर नऊ

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत स्क्वाड्रनला स्पिटफायरची नववी आवृत्ती मिळाली. बाहेरून ती पाचव्या आवृत्तीसारखीच दिसे. फरक होता इंजिनात. मर्लिन ६१ मालिकेच्या इंजिनात हवा दोन टप्प्यांत दाबून सिलिंडरमध्ये भरली जाई. त्यामुळे विरळ हवेत, उंचावरही त्याची ताकद टिकून राही. दोन प्रकारची स्पिटफायर लांबून ओळखू येत नसल्याने जर्मन वैमानिकांना समोर नेमके कोणते विमान आहे, हे कळणे अवघड झाले आणि तो संभ्रमही ब्रिटिशांच्या उपयोगी पडला.

१९४२ च्या अखेरीस डॉन किंगाबी स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. साध्या सार्जंटपदापासून वर आलेल्या या वैमानिकाला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल’ हे पदक तीन वेळा मिळाले होते. रॉयल एर फोर्समध्ये असा मान दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही.

मस्टँग आणि नॉर्मंडी

१९४४ च्या आरंभी स्क्वाड्रनने स्पिटफायर सोडून मस्टँगची तिसरी आवृत्ती स्वीकारली. अमेरिकी बनावटीच्या सांगाड्यात मर्लिन इंजिन, असे हे विमान. स्पिटफायरची सर्वांत मोठी उणीव म्हणजे कमी पल्ला. मस्टँगमध्ये इंधन कितीतरी अधिक मावत असे, त्यामुळे अमेरिकी बॉम्बफेकी विमानांबरोबर दूरवर सोबत करणे शक्य झाले. आक्रमणापूर्वीच्या महिन्यांत पंखांखाली बॉम्ब लावून रेल्वे व पूल यांच्यावर हल्ले करण्याचेही काम तिच्याकडे आले.

या वेळी ती ज्या मोठ्या गटात होती, त्याचा क्रमांकही १२२ च होता. १२२ विंगमध्ये क्र. १९, क्र. ६५ (ईस्ट इंडिया) आणि क्र. १२२ (बॉम्बे) या तीन स्क्वाड्रन होत्या. सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस या तिघी ब्रिटनला परतल्या आणि विंगमध्ये टेम्पेस्ट विमानांच्या स्क्वाड्रन आल्या. म्हणून ‘१२२’ एवढेच वाचून १९४५ मधील टेम्पेस्टचे पराक्रम बॉम्बे स्क्वाड्रनच्या खात्यावर मांडू नयेत.

६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस स्क्वाड्रन फ्रान्सच्या भूमीवर, घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर दाखल झाली. कोरड्या उन्हाळ्यात या धावपट्ट्यांवरची धूळ इंजिनांची मोठी शत्रू ठरली. ऑगस्टमध्ये फालेझजवळ कोंडीत सापडलेल्या जर्मन सैन्याच्या वाहनांवर खालून उडत मारा करण्यात आला. असे उड्डाण आकाशातील झुंजीपेक्षा धोक्याचे असे. मस्टँगच्या इंजिनाला थंड ठेवणारी द्रवाची नळी एका गोळीने फुटली, तरी काही मिनिटांत इंजिन बंद पडे. मोहीम पुढे सरकत गेली तशी स्क्वाड्रन बेल्जियमपर्यंत पोहोचली.

याच महिन्यांत, एप्रिल ते सप्टेंबर १९४४ दरम्यान, नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते.

ब्रिटनला परतल्यावर ऑक्टोबरपासून अँड्र्यूज फील्ड येथून दिवसा जर्मनीवर जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांची सोबत करणे हे स्क्वाड्रनचे काम झाले. मे १९४५ च्या आरंभी ती स्कॉटलंडमधील पीटरहेडला गेली आणि त्याच आठवड्यात युरोपातील युद्ध संपले. नंतर तिला पुन्हा स्पिटफायर मिळाली. १ एप्रिल १९४६ रोजी डॅलक्रॉस येथे तिचा क्रमांक बदलून ती क्र. ४१ झाली आणि ‘बॉम्बे’ हे नावही गळून पडले.

क्र. १३२ (सिटी ऑफ बॉम्बे) स्क्वाड्रन

मुंबई शहराच्या नावाची क्र. १३२ स्क्वाड्रन जुलै १९४१ मध्ये पीटरहेड येथे उभारण्यात आली. ‘बिबट्यापासून सावध’ हे तिचे ब्रीदवाक्य होते. तिने संपूर्ण युद्धात स्पिटफायरच वापरली. जानेवारी १९४४ मध्ये तिचा प्रमुख फ्रान्झ कोलोरेडो-मान्सफेल्ड फ्रान्सवर मारला गेला. त्यानंतरच्या महिन्यांत तिचे नेतृत्व जेफ्री पेज याने केले. १९४० मध्ये पेटत्या विमानातून बाहेर पडताना त्याचे हात व चेहरा भाजला होता. अनेक शस्त्रक्रियांनंतर तो पुन्हा उड्डाणाला परतला होता.

नॉर्मंडीनंतर ही स्क्वाड्रन आशियात पाठवण्यात आली. जानेवारी १९४५ पासून ती श्रीलंकेत व नंतर दक्षिण भारतात होती; जपानची शरणागती झाल्यावर ‘स्मायटर’ या विमानवाहू जहाजातून ती हाँगकाँगला गेली. १५ एप्रिल १९४६ रोजी तिथल्या काइ ताक तळावर तिचे विसर्जन करण्यात आले.