पेशीचं मरण आणि खडकातली खाच

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींना मरता येतं. दचकू नका! बेडकाच्या पिल्लाची शेपूट जाते ती पेशी ठरवून मरतात म्हणूनच. आईच्या पोटात आपल्या बोटांमधला पडदाही तसाच नाहीसा झाला. पेशी बिघडली की तिनं स्वतःच गाशा गुंडाळायचा, असा निसर्गाचा नियम आहे. याला अपॉप्टोसिस म्हणतात.

या मरणावर पहारा ठेवणारी प्रथिनं म्हणजे बीसीएल-२ आणि त्याचे भाऊबंद बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१ वगैरे. १९८०च्या दशकात बीसीएल-२चं जनुक लिम्फोमात सापडलं. तोवर माहीत असलेली कर्करोगाची जनुकं पेशींची वाढ पळवायची. १९८८ मध्ये कळलं की हे वेगळं आहे. हे पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही.

मी हरिहरेश्वरचा. आमच्या आळीतल्या एका काकांना सीएलएल हा रक्ताचा कर्करोग निघाला, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. त्या रोगात पांढऱ्या पेशी बीसीएल-२च्या जोरावर टिकून राहतात आणि साचत जातात. आमच्याच रायगड जिल्ह्यात खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे. तोंडाच्या कर्करोगात एमसीएल-१ वाढलेलं असतं, यावर तिथे काम झालं आहे. तंबाखू मळणाऱ्या आपल्या हॉस्टेलबंधूंनी हे वाक्य परत वाचावं.

आता खाचेची गोष्ट. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी काळ्या कातळात कोरलेल्या खाचा दिसतात. (बघायच्या त्या ओहोटीलाच. भरतीत तिकडे जायचं धाडस करू नका.) बीसीएल-एक्सएलच्या अंगावर अशीच एक लांबट खाच आहे. मरणाचा निरोप आणणारी बॅक, बॅड, बिम, नॉक्सा ही प्रथिनं आपला बीएच३ नावाचा छोटा तुकडा तिच्यात बसवतात, आणि पहारेकरी अडकतो. १९९७ मध्ये बॅकचं १६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड तिथे नेमकं कसं बसतं त्याची रचना प्रसिद्ध झाली. तुकडा स्प्रिंगसारखा वळलेला. त्याची पाण्याला घाबरणारी चार टोकं खाचेतल्या खळग्यांत रुतलेली, आणि ऋणभारित अ‍ॅस्पार्टेट समोरच्या धनभारित आर्जिनिनला धरून.

इथून पुढे आपला प्रांत. कॉम्प्युटरवर हे बघायचं म्हणजे अणू हे गोळे, बंध या स्प्रिंगा, भारांना कूलोमचा नियम, आणि प्रत्येक अणूला न्यूटनचा दुसरा नियम. म्हणजे फर्स्ट इयरचं मेकॅनिक्सच! फक्त अणू हजारो, कारण भोवतीचं पाणी आणि मीठही घ्यावं लागतं. हायड्रोजनाचे बंध १० फेम्टोसेकंदांच्या आसपास एक हेलकावा घेतात, म्हणून वेळेचं पाऊल सहसा २ फेम्टोसेकंदांचं. १ मायक्रोसेकंद बघायचा तर ५० कोटी पावलं, आणि दर पावलाला सगळ्या बलांचा हिशेब. १९७७ मध्ये प्रथिनाचं पहिलं असं सिम्युलेशन झालं, तेही पाण्याशिवाय आणि जेमतेम ९ पिकोसेकंदांचं. ते करणाऱ्यांतल्या मार्टिन कार्प्लसना २०१३ मध्ये नोबेल मिळालं. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० बांधला, आता आयसर पुणे इथे परम ब्रह्म आहे. पण ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बऱ्या ग्राफिक्स कार्डावरही चालतं.

मग अडतं कुठे? एक तर ही खाच कातळाची नाही, पिठाच्या गोळ्यासारखी आहे. रिकामी असताना मिटलेली, पेप्टाइड आलं की उघडते. ताठ खाच धरून नुसतं डॉकिंग केलं तर सहज फसगत होते. पेप्टाइडचंही तसंच. पाण्यात एकटं असताना ते बहुतेक वेळ विस्कटलेलं असतं, खाचेत शिरताना वळतं. त्या शिस्तीची एन्ट्रॉपीत किंमत मोजावी लागते. शेवटी हाती येते ती मोठ्या आकड्यांची छोटी वजाबाकी. तिच्यात १.४ किलोकॅलरी प्रति मोलची चूक झाली की बंधाचा अंदाज १० पटींनी चुकतो!

आणि इथे १० पट म्हणजे खेळ नव्हे. बिम सगळ्या पहारेकऱ्यांना पकडतं, बॅड मुख्यतः बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएलला, नॉक्सा एमसीएल-१ला. रक्तातल्या प्लेटलेट्स बीसीएल-एक्सएलच्या भरवशावर जगतात. नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल दोन्हींच्या खाचेत बसायचं, त्यामुळे रुग्णांच्या प्लेटलेट्स कोसळायच्या. पुढे फक्त बीसीएल-२लाच धरणारं व्हेनेटोक्लॅक्स तयार झालं. सीएलएलच्या काही रुग्णांसाठी अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ही औषधं पेप्टाइडं नाहीत, बीएच३ची नक्कल करणारे छोटे रेणू आहेत. आणि ती नुसत्या सिम्युलेशनमधून निघाली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. प्रयोगशाळेतल्या रचनांचाच त्यात मोठा वाटा होता.

ज्याला करून बघायचंय त्यानं प्रोटीन डेटा बँकेतून १बीएक्सएल ही फाइल उतरवून घ्यावी, वर सांगितलेली बॅकची जोडी हीच. आधी आहे तशी चालवा. मग पेप्टाइडमधलं ७८ क्रमांकाचं ल्यूसिन काढून तिथे अ‍ॅलॅनिन घाला. प्रयोगात या एका बदलानं बंध शेकडो पटींनी ढिला पडतो. तुमच्या हिशेबात तो किती पडतो ते मला रूमवर येऊन दाखवा.