आकाशातून दिसणारी मांजरा

गंगेला उन्हाळ्यात हिमालयातल्या बर्फाचा आधार असतो. मराठवाड्याच्या नद्यांना तो नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरची, मांजरा बालाघाटच्या डोंगरातली. दोघींचे पाणी पावसाचे. पाऊस थांबला की धरणात अडवले असेल तेवढ्यावरच पुढचे आठ महिने काढायचे. तरीही हिमनद्या किती मागे हटल्या हे ज्या उपग्रहचित्रांवरून मोजतात, त्याच चित्रांत धनेगावचे मांजरा धरणही दिसते.

अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरमधील डॉ. अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतील 466 हिमनद्यांचा हिशेब मांडला. एका बाजूला सर्व्हे ऑफ इंडियाचे 1962 चे नकाशे, दुसऱ्या बाजूला भारतीय उपग्रहांची चित्रे. बर्फाखालचे क्षेत्र 2,077 चौरस किलोमीटरवरून 1,628 वर आले होते. म्हणजे 21 टक्के घट.

चित्रात बर्फ आणि पाणी ओळखतात प्रकाशावरून. बर्फ दृश्य प्रकाश परतवतो, पण लघुतरंग अवरक्त प्रकाश शोषतो. ढग तो परतवतात, म्हणून पांढऱ्यातले पांढरे वेगळे काढता येते. पाणी जवळचा अवरक्त प्रकाश गिळते, त्यामुळे त्या चित्रात धरण काळेभोर दिसते. चकवेही दोन्हीकडे आहेत. हिमनदीच्या तोंडावर दगडगोटे साचले की ती शेजारच्या डोंगरासारखी दिसते, आणि जलपर्णीने झाकलेले पाणी हिरव्या शेतासारखे. अशा ठिकाणी जाणत्या माणसाची नजरच लागते.

सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो, म्हणजे जवळपास एक गुंठा. लँडसॅटचा ठिपका साधारण नऊ गुंठ्यांचा. मांजराच्या पसरट जलाशयाला तो चालतो. नांदेडजवळ विष्णुपुरीचे पाणी मात्र गोदावरीच्या पात्रातच लांबट पसरते. तिथे काठावरच्या ठिपक्यात अर्धे पाणी, अर्धी माती येते आणि मोजणी चुकते. अरुंद हिमनद्यांचीही हीच अडचण.

2014 आणि 2015, लागोपाठ दोन पावसाळे हुकले. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची पहिली रेल्वे लातूरला पोचली. त्या रेल्वेची छायाचित्रे देशभर गाजली. पण त्याआधी कित्येक महिने लँडसॅट-8 दर सोळा दिवसांनी याच भागावरून जात होता आणि त्याची चित्रे कोणालाही फुकट मिळत होती. टंचाई अचानक आली असे म्हणायला म्हणूनच जागा उरत नाही.

अर्थात चित्र पाण्याचा पसारा दाखवते, खोली नाही. त्यासाठी कोणत्या पातळीला किती पाणी मावते याचा तक्ता हवा, आणि गाळ साचत गेला की जुना तक्ता खोटा पडतो. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात मेरी, उपग्रहचित्रांवरूनच जलाशयांतल्या गाळाचे सर्वेक्षण करते: वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरले ते मोजायचे आणि मूळ क्षमतेशी ताडून पाहायचे.

हे ज्ञान संस्थांच्या अहवालात अडकून राहू नये. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतील भूगोलाच्या विभागांनी दर ऑक्टोबरला आपल्या तालुक्यातल्या तलावांची चित्रे उतरवून घ्यावीत, गेल्या दहा वर्षांच्या चित्रांशेजारी लावावीत आणि रब्बीची पेरणी ठरण्याआधी ग्रामसभेत मांडावीत. संगणक, इंटरनेट आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर हे काम यंदाच सुरू करता येईल.